रविवारचा कप्पा

पत्तेसरांच्या खिशात पेन नसायचं, पत्ते असायचे. चष्म्याच्या घराएवढा जाड गठ्ठा, त्याला रबरबँड, आणि त्या वजनाने शर्टाचा खिसा कायम खाली ओढलेला. भाजी घेताना, दुधाच्या रांगेत, कुणाच्या सांत्वनाला गेल्यावरसुद्धा समोर एखादा विद्यार्थी दिसला की हात खिशात जायचा आणि पत्ता नाकासमोर यायचा. उत्तराला वेळ एक श्वास आत घेऊन बाहेर सोडण्याइतका. त्यानंतर आलेलं उत्तर बरोबर असलं तरी ते चुकलेलंच. "इतक्या वेळात तर बससुद्धा येते," असं म्हणून सर पत्ता परत खिशात टाकायचे.

कारेलीबागेत आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर ते दहावीच्या मुलांची विज्ञानाची शिकवणी घेत. फळा नव्हता. सगळं पत्त्यांवर. पुढच्या बाजूला प्रश्न, मागच्या बाजूला उत्तर. हे पत्ते लग्नपत्रिकांचे असत. बडोद्यात लग्नाचा मोसम दांडगा आणि कंकोत्र्यांचा कागद जाड, म्हणून अख्ख्या सोसायटीच्या पत्रिका लग्न उरकलं की सरांकडे जमा होत. त्या कापायच्या, छापील बाजू आत घेऊन दोन-दोन एकमेकींना चिकटवायच्या. कडेने थोडं सोनेरी बाहेर राहायचंच. सोडियमच्या व्हॅलन्सीच्या पत्त्यावर गणपतीचा अर्धा कान होता, तो मला अजून आठवतो. व्हॅलन्सीही आठवते.

'पत्तेसर' हे नाव मुलांनी पाडलं आणि त्याने एकदा घोळ झाला. आपल्याकडे सातम-आठमच्या, म्हणजे गोकुळाष्टमीच्या दिवसांत घरोघरी तीन पत्तीचे डाव रंगतात. सोसायटीत नव्याने राहायला आलेले एक गुजराती गृहस्थ नुसतं नाव ऐकून, इथे बारा महिने डाव चालतो असं समजून संध्याकाळी सरांच्या दारात उभे राहिले. "साहेब, सांभळ्युं छे के आखुं वरस तमारे त्यां बाजी चाले छे. अमने पण बेसाडो ने!" सरांनी त्यांना खरोखर आत बसवलं, समोर पत्ता धरला आणि विचारलं, "चुन्याच्या निवळीत कार्बन डायऑक्साइड सोडला तर काय होतं?" गृहस्थ चहा पिऊन गेले. पुढे त्यांचा मुलगा याच शिकवणीला येऊ लागला.

सरांची पद्धत आता सगळीकडे ठाऊक आहे, पण तेव्हा आमच्यासाठी ती फक्त सरांची होती. बुटांच्या खोक्यात पुठ्ठा उभा घालून दोन कप्पे केलेले. एक 'रोज'चा, दुसरा 'रविवार'चा. जो पत्ता चुकला तो रोजच्या कप्प्यात, म्हणजे उद्या पुन्हा समोर. जो आला तो रविवारच्या कप्प्यात, आणि रविवारपर्यंत त्याला हात लावायचा नाही. रविवारी चुकला तर परत रोजच्यात. याला अपवाद नव्हता. पोरं येणारे पत्ते पुन्हा पुन्हा काढून खूश होत, ते सरांना खपत नसे. "येणाऱ्या पत्त्याशी खेळणं म्हणजे अभ्यास नव्हे, लाड," ते म्हणत. "वाचलं म्हणजे आलं असं नाही. विसरायच्या बेतात असताना आठवलं, तर आलं." मी नंदेसरीच्या एका केमिकल कंपनीत अकाउंट्स बघतो, कोणतंही म्हणणं पडताळल्याशिवाय मान्य करायचं नाही, ही माझी सवय. हे म्हणणं मी स्वतःवर पडताळलेलं आहे. ते खरं आहे.

भाषेवरही त्यांचं लक्ष असे. आम्ही मराठी घरांतली मुलं, पण शाळा गुजराती, त्यामुळे उत्तर चुकलं की आम्ही "सर, खोटं पडलं" म्हणायचो. सर थांबवायचे. "खोटं पडत नाही रे, खोटं बोललं जातं. तू खोटं बोललास का?" "नाही सर." "मग चुकलास. चुकलं म्हण. चुकणाऱ्याला रोजचा कप्पा आहे, खोटं बोलणाऱ्याला माझ्याकडे कप्पाच नाही."

पत्ते कापायचं काम काकूंचं. सरांच्या हातची कात्री वाकडी जायची. शिकवणीच्या वेळी काकू स्वयंपाकघराच्या दारात काहीतरी निवडत बसत आणि एखादा मुलगा अडकला की सरांच्या पाठीमागून, आवाज न करता, ओठांनी उत्तर सांगत. वर्षानुवर्षं ऐकून त्यांचं दहावीचं विज्ञान पक्कं झालं होतं. मुलाचे डोळे दाराकडे वळले की सर मागे न बघता म्हणत, "तिकडे काय? काकूंचे ओठ वाचायचे मार्क बोर्डात नाहीत." काकू हसून म्हणत, "बिचारा किती घाबरलाय! उत्तर नाही, निदान लिंबाचं सरबत तरी देऊ की नको?" त्या भरपूर बोलत. सर मोजकं बोलत. त्या घरातलं बोलणं शंभर टक्के धरलं, तर नव्वद काकूंचं होतं.

मी दहावी होऊन कित्येक वर्षं लोटल्यावर ते सगळंच्या सगळं एका सकाळी गेलं. झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर हळूहळू त्या टेकून बसू लागल्या, डाव्या हाताने पेला धरू लागल्या, पण तोंडून शब्द नव्हते. समजत सगळं होतं. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथे दुसराच काहीतरी होऊन बसायचा. वाचा-उपचार करणारी धाराबेन नावाची तरुण मुलगी आठवड्यातून काही वेळा येई. तिने पिशवीतून चित्रांची कार्डं काढली, एक काकूंपुढे धरलं आणि विचारलं, "माजी, आ शुं छे?" मी तिथे होतो. सरांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी उजेड आला. हे तर त्यांना येत होतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी शिकवणी बंद केली. मुलांना पैसे परत केले, खोकं रिकामं केलं आणि काकूंसाठी नवे पत्ते करायला बसले. चित्रं मासिकांतून कापलेली. कात्री त्यांचीच, त्यामुळे सगळे पत्ते वाकडे. पेला, चमचा, छत्री, किल्ली, पेरू. पुढे चित्र, मागे शब्द. पहिला शब्द 'चा' आला. चहातला ह कुणीच म्हणत नाही, म्हणून तो बरोबर धरला. पेरूला काकू गुजरातीत "जामफळ" म्हणाल्या, तेव्हा सर अडले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "या घरात दोन्ही चालतात. बरोबर." आणि पत्ता रविवारच्या कप्प्यात टाकला. काही आठवड्यांत त्या कप्प्यातले पत्ते रोजच्या कप्प्यापेक्षा जास्त झाले. धाराबेन म्हणाली, इतका झपाटा तिने दुसऱ्या पेशंटमध्ये पाहिला नव्हता.

मग तिनेच सुचवलं की घरच्या माणसांचे फोटो लावा. सरांनी तीन पत्ते केले. एक मुलीचा, मंजिरीचा. ती लग्न होऊन पुण्याला असते. एक रोज दूध घालणाऱ्या रमेशचा. एक स्वतःचा. मंजिरीचा फोटो बघून काकू चटकन "मंजू" म्हणाल्या. रमेशला "रमेस" म्हणाल्या. तिसरा पत्ता धरला.

"आ कोण छे, माजी? नाम बोलो," धाराबेन म्हणाली.

पत्त्यामागे सरांनी आपल्या अक्षरात 'मनोहर' लिहिलं होतं. काकूंनी फोटो पाहिला. मग सरांकडे पाहिलं. मग डावा हात उचलून दाराकडे केला आणि गप्प बसल्या. होतं असं, उद्या पुन्हा करू, अशी धाराबेनने समजुतीने मान हलवली. "थाय एवुं, सर. काले फरी करीशुं." पत्ता रोजच्या कप्प्यात गेला.

रोजच्या कप्प्याचा अर्थ असा की तो रोज समोर येणार. तसा तो येत राहिला. रोज तेच. फोटोकडे बघायचं, सरांकडे बघायचं, हात दाराकडे. सर पुन्हा विचारत. पुन्हा. त्यांचा आवाज शिकवणीत कधी चढला नव्हता, तो आता आमच्या वरच्या मजल्यापर्यंत यायचा. "नाव सांग. परत. परत बघ. हा कोण?" एकदा काकू रडल्याचा आवाज आला आणि आईने हातातली पोळी परातीत टाकली. "जीव घेतील तिचा," ती म्हणाली.

मी खाली गेलो. सर ओट्यावर बसले होते. मला बघून म्हणाले, "मुलीचं नाव येतं. दूधवाल्याचं येतं. माझं येत नाही."

"सर, येईल. बाकी सगळं येतंय ना."

"तेच म्हणतोय. बाकी सगळं येतंय." थोड्या वेळाने म्हणाले, "हात बघितलास? दार दाखवते मला. कुणी परका माणूस घरात घुसलाय आणि पत्ते दाखवून छळतोय, असं वाटत असणार तिला. बाहेर हो म्हणते."

डॉक्टरांनाही त्यांनी हे विचारलं होतं. मेंदूचं काही सांगता येत नाही, एखादं माणूस पुसलं जाऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाल्याचं सरांनीच सांगितलं. मी स्वतः ते ऐकलेलं नाही. पण त्या दिवसांत सरांनी जेवण निम्म्यावर आणलं होतं, हे मी पाहिलं. काकूंना भरवत होते, अंग पुसत होते, वेण्या घालायला शिकले होते, आणि हे सगळं आपल्याला न ओळखणाऱ्या बाईचं करतो आहोत, असं मानून करत होते.

एका मंगळवारी संध्याकाळी आई म्हणाली, "मला खाली ने." तिचे गुडघे गेलेले, जिना तिला नको असतो, पण तेव्हा हट्टच धरला. आम्ही गेलो तेव्हा पत्ते चालूच होते. किल्ली आली. छत्री आली. मग तो फोटो आला. काकूंनी फोटोकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, हात दाराकडे केला.

"बघा," सर आईला म्हणाले. "हे असं रोज."

आई दाराकडे बघत राहिली. दार आत उघडलेलं होतं. मग एकदम म्हणाली, "सर, ती तुम्हाला घालवत नाहीये हो. दारावर काय लिहिलंय ते वाचा."

दारावर सरांच्या नावाची पितळी पाटी होती.

"अहो, मतदारयादीवाले यायचे ना, आठवतं?" आई म्हणाली. "मालकांचं नाव काय म्हणून विचारलं की ही काय करायची? पाटीकडे बोट. मी बाजूलाच असायची. बायकांनी नाव घेऊन दाखव म्हणून किती चिडवलंय हिला! हळदीकुंकवाला उखाण्यात अडकवून घ्यायची तेवढंच. एरवी एवढ्या वर्षांत जे नाव तोंडातून काढलं नाही, ते आता आजारपणात काढेल होय? आणि तेही त्या पोरीसमोर?"

सर उठून दारापाशी गेले. स्वतःचं नाव त्यांनी इतका वेळ वाचलं, जणू ते लांबलचक होतं. काकूंचा हात अजून वरच होता. तो सरांनी परत येऊन हळूच खाली ठेवला.

मग खिसा चाचपला. पेन नव्हतं, मी माझं दिलं. त्यांनी पत्ता उलटा केला, 'मनोहर'वर रेघ मारली आणि खाली दुसरं उत्तर लिहिलं. पत्ता पुन्हा धरला. या वेळी नाव विचारलं नाही. "मला काय म्हणतेस तू?" एवढंच विचारलं.

काकूंचे ओठ हलले. एक श्वास होऊन गेला, दुसराही झाला. सरांनी वेळ मोजला नाही.

"अहो," काकू म्हणाल्या. अगदी स्पष्ट. आणि मग, "पुरे."

सर हसले. डोळे पुसत हसले. "आला!" ते माझ्याकडे वळून म्हणाले. "पत्ता आला!" आई पदर तोंडाला लावून बसली होती. काकू 'पुरे' म्हणाल्या ते पत्त्यांना, त्या दिवसाला की आणखी कशाला, हे मी सांगू शकत नाही. सरांनी ते ऐकलं की नाही, हेही मला माहीत नाही. त्यांनी तो पत्ता एकदा शर्टाला पुसला आणि रविवारच्या कप्प्यात ठेवला.

गुरुवारी कामावरून येताना मी डोकावलो. पत्ते चालू होते; नळ, कंगवा, खिडकी. काकूंचं लक्ष पत्त्यांवर नव्हतं. त्यांनी डावा हात लांब करून खोक्याच्या पलीकडच्या कप्प्यात घातला. काय शोधत होत्या, ते त्या सांगू शकत नव्हत्या, आणि मी अंदाज लिहिणार नाही. सरांनी हात धरून हळूच बाहेर काढला. प्रेमाने म्हणाले, "थांब. ते रविवारी." आणि खोकं थोडं मागे सरकवलं.

शनिवारी पहाटे दुसरा झटका आला.

रविवारी दवाखान्यात सर आले तेव्हा त्यांचा खिसा सपाट होता. एकच पत्ता आत होता. भेटीच्या वेळेला त्यांना एकट्याला आत सोडलं. ते लगेच बाहेर आले आणि बाकावर माझ्याशेजारी बसले. पत्ता हातात होता. "डोळे मिटलेले आहेत," ते म्हणाले. "मी कानात विचारून पाहिलं. पण ऐकून उत्तर द्यायची तिला सवय कुठे आहे. तिची सवय बोलायची."

काकूंनी डोळे पुन्हा उघडले नाहीत. आठवडा संपायच्या आत त्या गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर मी एकदा सरांकडे बसलो होतो. सांत्वन मला जमत नाही. मी जे खरं वाटत होतं ते बोललो. "सर, पद्धत चुकीची नव्हती. त्या पद्धतीनेच काकू एवढ्या बोलायला लागल्या होत्या. मी स्वतः पाहिलंय."

"पद्धत बरोबरच आहे," सर म्हणाले. "आलेला पत्ता लगेच दाखवायचा नसतो. दाखवला तर तो अभ्यास नाही, लाड. मुलांना मीच सांगायचो." बराच वेळ ते समोरच्या पलंगाकडे बघत होते. गादी काढून टाकली होती, नुसत्या पट्ट्या दिसत होत्या. "बुधवारी ती बोलत होती. गुरुवारी बोलत होती. शुक्रवारी रात्री दूध मागितलं तिने, दूध म्हणून. मी रोज विचारू शकलो असतो. दिवसातून दहा वेळा. तिने दहा वेळा म्हटलं असतं." मग म्हणाले, "तिला शिकवून मला कुठल्या परीक्षेला बसवायचं होतं रे? लाडच करायचे होते."

शिकवणी पुन्हा सुरू झाली नाही. मुलं चौकशीला येत, सर दारातून परत पाठवत. आता माझी मुलगी बारावीचा अभ्यास मोबाईलवर पत्ते करून करते. तिला जे येतं ते तो मोबाईल आपणहून आठ-आठ दिवस लपवून ठेवतो, जे येत नाही ते रोज समोर आणतो. तिचे मार्क वाढले आहेत. मी तिला काही सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं काही चुकीचं तिथे नाहीच.

मंजिरी सरांना पुण्याला न्यायला आली. घर विकायचं ठरलं. निघायच्या दिवशी मी आणि बायको त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. सामान थोडंच होतं. मंजिरी तिकिटावरचा डबा बघत पुढे गेली, तिच्या मागून सर, त्यांच्या शेजारी बॅग घेऊन मी. सरांनी गाडी कुठून सुटते, किती वाजता पोहोचते, पुण्यात हल्ली थंडी किती असते, असं सगळं नीट विचारलं. मी जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. बायको पाण्याची बाटली घ्यायला स्टॉलवर थांबली होती. फलाटावर गर्दी होती, गुजराती, हिंदी, घोषणा, हमालांचा ओरडा, सगळं एकात एक. त्यातून तिने मागून मला मोठ्याने हाक मारली, "अहो!"

आम्ही दोघंही वळलो.